शेटजींचं वजन

माझे सासरे एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होते. बाजारात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे, सगळे ‘काटेसाहेब’ म्हणत. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की पहिला दुकानदार खोकायचा, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटच्या दुकानापर्यंत खोकला पोचेस्तोवर सगळे काटे सरळ झालेले असायचे. हे कळल्यावर त्यांनी गल्लीच्या तोंडाने जाणंच सोडलं. मागच्या बोळातून शिरायचे, तेही सकाळी झाडलोट चालू असताना. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, बूड पोखरून हलकं केलेलं वजन, इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात लपवलेलं लोहचुंबक, असं काय काय त्यांनी शोधून काढलं होतं. कोणाच्या दुकानात ते कधी पाणीसुद्धा प्यायले नाहीत. पाण्याची बाटली घरून न्यायचे आणि ती कोणाच्या हाती द्यायचे नाहीत.

अशा माणसाचं खात्यात कौतुक होतं. घरात त्याच्यासोबत राहावं लागतं, ती गोष्ट वेगळी.

लग्न होऊन मी या घरात आले त्या आठवड्यात त्यांनी विचारलं, “चहात साखर किती घातलीस?” मी म्हटलं, “दोन चमचे.” ते म्हणाले, “कोणता चमचा?” मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. ते चमचा बघायला स्वयंपाकघरात आले. त्याला आता चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी सांगितलेली एकही गोष्ट त्या माणसाने पडताळल्याशिवाय मानली नाही. मी म्हणावं, बाहेर पाऊस पडतोय, तर खिडकीतून हात बाहेर काढून बघणार. मी म्हणावं, दार लावलंय, तर उठून कडी हलवणार. खोटं बोलतेस असं ते कधी म्हणत नाहीत. म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं.

सासूबाई होत्या तोवर हे निभावलं. त्या सगळं हसण्यावारी न्यायच्या. “अगं, माझ्या बाळंतपणात नर्सने बाळाचं वजन सांगितलं तर हे म्हणाले, दुपट्याचं वजा केलं का?” असं सांगून मलाही हसवायच्या. त्यांच्या शेवटच्या आजारात डॉक्टर म्हणाले, दोन किलो वजन उतरलंय. बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, तुमचा काटा चुकीचा आहे. दुसऱ्या दिवशी घरून पितळी वजनं नेऊन त्यांनी तो काटा तपासला. काटा बरोबर होता. जन्मभर चुकीचे काटे शोधत हिंडलेल्या माणसाला तो एक काटा खरंच चुकीचा निघायला हवा होता, आणि निघाला नाही. त्या दिवशी मला त्यांची फार दया आली होती, हे मी कबूल करते. पुढे जे सांगणार आहे त्यात दया फारशी नाही.

सासूबाई गेल्यावर घरात ते आणि मी. माझा नवरा लिफ्ट बसवण्याच्या कामावर असतो, दोन-दोन महिने गावोगाव. मी पुढच्या खोलीत मशीन टाकून कपडे दुरुस्तीचं काम करते. कंबर ढिली करणं, बाह्या आखूड करणं, आणि रफू. रफूसाठी माझ्याकडे लांबून लोक येतात. म्हणजे दिवसभर मी घरात आणि बाबाही घरात. वडिलांना काहीतरी विरंगुळा हवा म्हणून नवऱ्याने एका खेपेला काचेची टाकी आणली आणि तिच्यात एक ॲक्सोलॉटल.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते. वीतभर लांबीचा पाण्यातला प्राणी, सरड्यासारखे चार पाय, रंग फिकट गुलाबी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले. पापण्या नाहीत, आणि तोंड असं कापलेलं की तो कायम हसतोय असं वाटतं. बाबांनी पहिल्या दिवशी टाकीपुढे खुर्ची ओढून अर्धा तास त्याला न्याहाळलं. मग म्हणाले, “हे हसू मला माहीत आहे. काटा मारणारा शेट असाच हसतो.” तेव्हापासून त्याचं नाव शेटजी.

पण जीव लावला हो. दर तिसऱ्या दिवशी चिमट्यात गांडूळ धरून त्याच्या तोंडापुढे हलवायचं, तो गपकन ओढून घ्यायचा, आणि बाबांच्या चेहऱ्यावर जे काही दिसायचं ते मी सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शेटजींचं वजन व्हायचं. काट्यावर पाण्याचा वाडगा ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग शेटजींना अलगद वाडग्यात सोडायचं. एकशे अडतीस ग्रॅम.

टाकीचा तळ मोकळा होता, नुसती काच. एकदा, नवऱ्याने टाकी घेतली होती त्या दुकानाच्या पाटीवरच्या चित्रात बाबांना तळाशी रंगीत खडे दिसले. ते आत जाऊन विचारते झाले. दुकानदार म्हणाला, “काका, याला खडे नकोत. मोकळी काचच बरी.” दुसऱ्या कोणी ऐकलं असतं. बाबा घरी येऊन मला म्हणाले, “माल समोर असताना विकणारा ‘नको’ म्हणतो, म्हणजे काहीतरी दडवतोय. टाकी विकताना खडे द्यायचे असणार, ते त्याने मारले.” दुसऱ्या दिवशी त्याच्याशी हुज्जत घालून एक किलो खडे आणले. घरी तोलले तर नऊशे ब्याऐंशी ग्रॅम भरले. भर उन्हात परत गेले आणि अठरा ग्रॅम खडे घेऊन आले. धुऊन, पुसून, पांढरे आणि निळे निवडून त्यांनी तळाशी पसरले. टाकी सुरेख दिसायला लागली, ते मात्र खरं.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी शेटजींनी गांडुळाकडे पाठ फिरवली. बाबांनी चिमटा डावीकडून नेला, उजवीकडून नेला. शेटजी हसत बसले. तीन दिवसांनी तेच, सहा दिवसांनी तेच. नवव्या दिवशी बाबांनी वजन केलं आणि मला हाक मारली.

“सूनबाई, इकडे ये. वाच.”

मी वाचलं. एकशे एकेचाळीस.

“नऊ दिवस उपाशी,” ते म्हणाले, “आणि तीन ग्रॅम वाढ.”

“काटा बघा एकदा.”

काटा त्यांनी आधीच बघितला होता. पितळी वजनं ठेवून, तीनदा. काटा चोख होता. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे बाजारातले दुकानदार का खोकायचे ते मला त्या दिवशी समजलं.

“याला कोणीतरी खायला घालतंय,” ते म्हणाले.

घरात माणसं दोन. त्यातले एक ते स्वतः.

“मी घातलेलं नाही,” मी म्हटलं.

“मी तुझं नाव घेतलं का?” ते म्हणाले. “खाई त्याला खवखवे.”

आता बघा, ही म्हण त्यांनी साफ चुकीच्या जागी वापरली होती. शेटजी खात होते आणि खवखव माझ्या नावावर. मी मशीनवर जाऊन बसले. पण त्या दिवसापासून घरात तपास सुरू झाला. गांडुळांच्या डब्यातली गांडुळं रोज सकाळ-संध्याकाळ मोजली जाऊ लागली. संख्या बरोबर भरली तेव्हा त्यांनी ठरवलं की मी बाहेरून आणते. एक दिवस बाजारातून आले तर म्हणाले, “हात बघू.” माझ्या नखांत निळा खडू होता, कापडावर खुणा करायचा. तो त्यांनी भिंगातून पाहिला. माती नाही अशी खात्री झाल्यावर “धुऊन आलीस वाटतं” म्हणाले.

मी का घालीन, हे मी एकदा सरळ विचारलं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. “मला काही जमत नाही असं दिसावं म्हणून. तो तुझ्या हातचं खातो आणि माझ्या हातचं नाही, असं झालं की टाकी तुझ्या खोलीत जाईल.” मला ती टाकी माझ्या खोलीत नको होती. माझ्या खोलीत इस्त्रीला जागा नाही. पण हे ऐकताना मला एवढं कळलं की म्हाताऱ्याला भीती वाटतेय. हातातली शेवटची गोष्ट कोणीतरी काढून घेईल याची भीती. एवढं कळूनही राग कमी झाला नाही.

आणि याच काळात मी एक गोष्ट पाहिली होती. दुपारी बाबा आडवे झाले की घर शांत असतं. मी दोरा भरत होते आणि टाकीतून टक् असा आवाज आला. मी मान वळवली. शेटजी तळाशी तोंड मारत होते. काहीतरी धरलं, मान वर केली आणि गिळलं. मी लगेच उठले नाही, हातात गिऱ्हाइकाचा कोट होता. पण बाबा उठल्यावर पहिलं हे सांगितलं.

“बाबा, तो तळाशी काहीतरी खातो. मी पाहिलं.”

“काय खातो?”

“ते दिसलं नाही.”

“म्हणजे तळाशी खाण्यासारखं काहीतरी असतं,” ते म्हणाले. “ते तिथे कसं येतं?”

त्यांनी लांब चमच्याने सगळे खडे ढवळले. काही सापडलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू बरोबर जागा सांगितलीस. आता वस्तूही सांग.” मी सांगायला गेले साक्ष आणि ती ठरली कबुली. मी रात्री नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, मनावर घेऊ नकोस, आईसुद्धा घ्यायची नाही. मी म्हटलं, तुझी आई होती तेव्हा ते दोघींत वाटलं जायचं, आता सगळं माझ्या एकटीच्या वाट्याला येतं. तो जेवलीस का विचारू लागला. लिफ्ट बसवणारा माणूस, वरखाली सगळं समजतं, मधलं काही समजत नाही.

अठराव्या दिवशी वजन एकशे सेहेचाळीस. शेटजींचं पोट फुगलेलं दिसत होतं आणि ते आता पूर्वीसारखे फिरत नव्हते, कोपऱ्यात पडून असायचे. मी म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ या. बाबा म्हणाले, “जास्त खाऊन सुस्तावलाय. खाणं बंद झालं की फिरेल.” आणि त्यांनी टाकीवर सील केलं. जाळीचं झाकण, त्याला चारही बाजूंनी पांढरा दोरा आणि प्रत्येक गाठीवर लाख, लाखेवर स्वतःच्या अंगठीचा ठसा. पाच दिवस झाकण बंद.

पाचव्या दिवशी त्यांनी भिंगाने चारही ठसे तपासले. ठसे जसेच्या तसे होते. झाकण काढलं, वजन केलं. एकशे एकोणपन्नास.

मला वाटलं, सुटले. बाबा खुर्चीत बसले. बराच वेळ दोऱ्याचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, “दोरा लाखेपाशी तोडायची गरजच नाही. मध्ये कुठेही कापायचा आणि पुन्हा जोडायचा. रफू करणाऱ्या बाईला किती वेळ लागतो?”

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात, तो असा. माझ्या हाताला जे कसब आहे, ज्याच्यासाठी लोक लांबून येतात, ते त्यांनी माझ्याविरुद्ध पुराव्यात लावलं. मी ओरडले नाही. मी शेटजींना पाण्यासकट झाकणाच्या डब्यात घेतलं, चप्पल घातली आणि म्हटलं, “मी याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेतेय. तुम्हाला वाटेल मी वाटेत खायला घालीन. तर चला सोबत.”

ते आले. रिक्षात डबा स्वतःच्या मांडीवर धरून बसले.

डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. तिने शेटजींचं पोट बोटाने हलकेच चाचपलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि एक्स-रे काढायला आत नेलं. थोड्या वेळाने तिने पडद्यावर चित्र दाखवलं. शेटजींच्या आत पांढरे स्वच्छ गोल ठिपके होते. कोणालाही मोजता आले असते.

“खडे आहेत,” ती म्हणाली. “तळाशी जे हलेल, चकाकेल ते हे गिळतात. पोट खड्यांनी भरलं, म्हणून खात नाही. टाकीत खडे कोणी घातले?”

“मी,” बाबा म्हणाले. आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, “दुकानदार नको म्हणाला होता. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.”

हा त्यांचा स्वभाव. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची वेळ आली तरी त्यात एक ग्रॅमची खोट नाही.

“तळाशी तोंड मारताना घरात कोणी पाहिलं नाही का?” डॉक्टरीण म्हणाली. “तेव्हाच आणला असता तर इतके झाले नसते.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एखादी भली सून गप्प बसली असती. मी बसले नाही.

“मी पाहिलं होतं. त्याच दिवशी सांगितलंही होतं.”

डॉक्टरीणबाई बाबांकडे बघू लागली, आणि बाबा पडद्यावरच्या ठिपक्यांकडे. तिने सांगितलं की शेटजींना थंड पाण्याच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवायचं, पाणी रोज बदलायचं, म्हणजे खडे आपोआप पडतील. नाही पडले तर पोट फाडावं लागेल आणि मग जगेल याची हमी नाही. आणि महिनाभर त्याला काट्यावर ठेवायचं नाही, जितका कमी हाताळाल तितकं बरं. हे शेवटचं तिने बाबांकडे बघून सांगितलं. परतताना डबा त्यांनी माझ्या मांडीवर दिला.

फ्रीजमधल्या भाज्या बाहेर आल्या आणि शेटजी आत गेले. तिसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी दोन खडे दिसले, एक पांढरा, एक निळा. मग एक. मग एकदम तीन. बाबा रोज सकाळी फ्रीज उघडताना माझ्यासाठी थांबायचे, एकटे उघडत नसत. तेराव्या दिवसापर्यंत नऊ खडे पडले. डॉक्टरीण म्हणाली, पोट मोकळं आहे. बाबांनी ते नऊ खडे धुऊन वाळवले आणि काट्यावर ठेवले. सोळा ग्रॅम.

कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं, मग पेन्सिल खाली ठेवली. “वजन अकरा ग्रॅम वाढलं होतं,” ते म्हणाले. “खडे सोळा ग्रॅम. म्हणजे तो स्वतः पाच ग्रॅम वाळला होता. काटा दर वेळी खरं सांगत होता आणि मी दर वेळी चुकीचं वाचत होतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू काही घातलं नव्हतंस. सिद्ध झालं.”

मी हातातली कात्री खाली ठेवली.

“बाबा, हे खडे पडले नसते तर?”

ते कागदाची घडी घालू लागले.

“तुम्ही खड्यांवर विश्वास ठेवताय. मी चौदा वर्षं या घरात आहे. मी तोंडाने सांगितलं होतं, मी घातलं नाही. मी तोंडाने सांगितलं होतं, तो तळाशी काहीतरी खातो. मला खड्यांनी सोडवलेलं नको होतं.”

बोलताना माझा आवाज चढला होता, हे मला नंतर शेजारणीने सांगितलं. बाबांनी खडे मुठीत घेतले आणि आपल्या खोलीत गेले. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त जेवणापुरतं बोललो. मला वाटत होतं, जास्त बोलले. मग वाटायचं, चौदा वर्षं कमी बोलले.

शेटजी मोकळ्या काचेच्या टाकीत परत आले. पण खाईनात. डॉक्टरीणबाईने तीन-तीन दिवसांनी गांडुळाचा तुकडा दाखवायला सांगितलं होतं. बाबांनी चिमटा माझ्या हातात दिला आणि “तू बघ” म्हणाले. आधी मला त्यातही डाव दिसला. नाही खाल्लं तर मी, खाल्लं तर ‘बघ, तुझ्याच हातचं खातो’. संशय हा असा आजार आहे, एकाच्या नाकातून दुसऱ्याच्या नाकात जातो. पहिल्या खेपेला शेटजींनी बघितलंही नाही. दुसऱ्या खेपेला वास घेऊन मागे सरले. कल्ले पांढुरके पडले होते, पाठीचा कणा दिसायला लागला होता.

तिसऱ्या खेपेला बाबा दाढी करत होते. मी डाव्या हातात फोन धरून व्हिडिओ चालू केला, कारण खाल्लं तर मला पुरावा हवा होता. त्यांच्यासमोर मी पुराव्याशिवाय पुन्हा कधी उभी राहणार नव्हते. उजव्या हाताने तुकडा हलवला. शेटजी बराच वेळ हसत राहिले. आणि मग गपकन ओढून गिळलं. मी दुसरा तुकडा धरला, तोही गेला.

मी फोन घेऊन न्हाणीच्या दारात गेले. बाबांच्या एका गालाला साबण होता.

“बाबा, शेटजींनी खाल्लं. दोन तुकडे.”

त्यांनी वस्तरा थांबवला. डोळे मिटले, उघडले. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ओला हात मध्ये घातला आणि तो बाजूला केला.

“तू सांगितलंस ना,” ते म्हणाले. “झालं.”

मला ते खरं वाटलं नाही. दाढी उरकून ते टाकीपाशी जातील, डब्यातली गांडुळं मोजतील, म्हणून मी मशीनवर बसून अर्धा तास डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्यावर नजर ठेवली. ते बाहेर आले, खुर्चीत बसले, वर्तमानपत्र उघडलं आणि वाचत राहिले. टाकी त्यांच्या हाताच्या अंतरावर होती. मी रडत होते, आणि ते आपल्याला दिसलं असं मला वाटू नये म्हणून ते पान न उलटता वर्तमानपत्र तोंडापुढे धरून होते, हेही मला कळत होतं.

तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. अजून कोणी पाहिलेला नाही.